मंद आचेवर शिजवलेल्या खानदेशी मटणाचे सँडविच

परदेशात मंद आचेवर शिजवलेल्या मांसाचे असे सँडविच अनेकदा गोमांसाचे करतात. महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीवर आधीपासूनच, आणि बैल व वळू यांच्या कत्तलीवर २०१५ पासून कायद्याने बंदी आहे, आणि धुळे-जळगावकडे सणासमारंभाला शिजते ते बोकडाचे मटण, म्हणून ही कृती त्याच मटणाची आहे.

खाटकाकडून हाडासकट एक किलो खांदा आणि पुढच्या पायाची नळी घ्यावी व तुकडे मोठेच ठेवायला सांगावे. रश्श्यासाठी बारीक तोडलेल्या मटणात हाडांच्या कपच्या राहतात आणि सँडविचमध्ये त्या धोकादायक ठरतात. चिवट भाग मुद्दाम निवडायचे, कारण सतत भार पेलणाऱ्या या स्नायूंत कोलॅजेन भरपूर असते, आणि साधारण ७० अंश सेल्सिअसच्या वर ओलाव्यात तासन्‌तास राहिल्यावर त्याचे जिलेटीन होऊन मांसाला रसदारपणा येतो. आच मोठी ठेवली तर हा बदल पुरा होण्याआधीच तंतू आकसून रस बाहेर टाकतात. त्यामुळे मटण शिजले तरी कोरडे लागते.

मटणाला दोन चमचे मीठ, अर्धा चमचा हळद आणि आले-लसणाची गोळी चोळून किमान दोन तास ठेवावे. तेवढ्यात वाटण करून घ्यावे. तीन कांदे आणि अर्धी सुकी खोबऱ्याची वाटी थेट विस्तवावर, बाहेरून काळे डाग पडेपर्यंत भाजावी. धणे, सहा सुक्या मिरच्या, लवंगा, मिरे, दोन मसाला वेलची आणि थोडे दगडफूल तेलाच्या थेंबावर परतून सगळे एकत्र अगदी बारीक वाटावे. खानदेशी मटणाचा काळसर रंग आणि धुराचा वास या भाजण्यातूनच येतो, म्हणून कांदा तव्यावर परतून वेळ वाचवू नये असे माझे ठाम मत आहे.

जाड बुडाच्या पातेल्यात चार मोठे चमचे शेंगदाणा तेल तापवून मटणाचे तुकडे थोडे थोडे टाकावेत आणि सर्व बाजूंनी तांबूस करून काढून घ्यावेत. त्याच तेलात वाटणाचा दोन-तृतीयांश भाग तेल सुटेपर्यंत परतावा, मटण परत घालावे आणि तुकडे अर्धे बुडतील इतकेच कढत पाणी ओतावे. वर खोलगट झाकण ठेवून त्यात पाणी भरावे. आतले पाणी आटले तर हेच गरम पाणी उपयोगी पडते. आच इतकी बारीक हवी की रश्श्यात मधूनमधून एखादाच बुडबुडा यावा. अडीच ते तीन तासांत काटा फिरवताच मांस हाडापासून सुटते. तसे झाले नाही तर घड्याळाकडे न पाहता आणखी वेळ द्यावा. कुकरमध्येही मटण मऊ होते, परंतु रस्सा पातळ राहतो.

आच बंद केल्यावर मटण अर्धा तास रश्श्यातच राहू द्यावे. मग हाडे नीट चाचपून काढावीत आणि काट्यांनी मांसाचे तंतू सोडवावेत. वरची तर्री वाटीत काढून ठेवावी. उरलेल्या रश्श्यात राखून ठेवलेले वाटण घालून तो चमच्याला चिकटेपर्यंत आटवावा आणि त्यात मांस कालवावे. मिश्रण ओलसर हवे, पण त्यातून रस्सा ओघळता कामा नये, कारण बेकरीचा लादीपाव पटकन भिजून फाटतो. त्यासाठीच पाव कापून आतली बाजू तर्री लावलेल्या तव्यावर कडक होईपर्यंत भाजावी. मग भरपूर मटण, बारीक चिरलेला कच्चा कांदा, कोथिंबीर आणि लिंबाचे चार थेंब घालून पाव मिटावा. चीज किंवा मेयोनीज घातल्यास भाजलेल्या खोबऱ्याची चव झाकली जाते.

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या पुढे असतो, तेव्हा उरलेले मटण ओट्यावर तासभरही ठेवू नये. पसरट भांड्यात काढून लगेच गार करावे आणि फ्रीजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवावे. खाताना लागेल तेवढेच काढून, थोडे पाणी शिंपडून, वाफ येईपर्यंत गरम करावे.