किलाउएआचा उद्रेक घरबसल्या फॉलो करताय? या चुका टाळा

६ डिसेंबर २०२५ ला हवाईतल्या किलाउएआ ज्वालामुखीवरचा व्ही-थ्री नावाचा लाइव्ह कॅमेरा लाव्हाच्या माऱ्यात गेला. आपल्याकडे तेव्हा ७ तारखेची मध्यरात्र उलटून गेली होती. दक्षिणेकडच्या तोंडातून उडणारं कारंजं सरळ वर न जाता कॅमेऱ्याच्या बाजूला कललं, आधी फ्रेमभर केशरी उजेड, मग काळ्या खड्यांचा मारा, आणि मग काहीच नाही. सकाळी उठून बघतो तर फोनवर मेसेज, की ज्वालामुखी हाताबाहेर गेला, आता बेटाचं काय होणार वगैरे. प्रत्यक्षात तो कॅमेरा विवराच्या काठावर, लोकांना बंद असलेल्या भागात एकटाच उभा होता, लाव्हा विवराच्या आतच राहिला आणि काही तासांत ते कारंजं थांबलंही.

तेव्हापासून मनात होतं की एकदा बसून हे सगळं लिहावं, कारण हा उद्रेक बघण्यासारखा आहेच, पण बघता बघता समजण्यासारखाही आहे, आणि थोड्या चुका टाळल्या तर कोणालाही समजेल, त्याला जिऑलॉजीची डिग्री लागत नाही.

थोडक्यात पार्श्वभूमी. हवाईच्या मोठ्या बेटावर किलाउएआ आहे, त्याच्या माथ्यावर हालेमाउमाउ नावाचं विवर आहे. हवाईच्या लोकांसाठी ते पेले देवीचं घर, त्यामुळे तिथे लोक नुसता तमाशा बघायला जात नाहीत, डोकं टेकवायलाही जातात. २३ डिसेंबर २०२४ ला पहाटे विवराच्या तळाला भेग पडून उद्रेक सुरू झाला आणि तेव्हापासून तो तुकड्या-तुकड्यांत चाललाय. काही तास किंवा काही दिवस कारंजी, मग सगळं गप्प, मग परत कारंजी. अशा एका खेपेला एपिसोड म्हणतात, आणि पहिल्या वर्षातच ३८ एपिसोड होऊन गेले. कधी कधी कारंजं ३०० मीटरच्या वर जातं, म्हणजे चार कुतुबमिनार एकावर एक ठेवले तरी कमीच.

"थांबला" म्हणजे "संपला" समजणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि बाकीच्या अर्ध्या चुका हिच्यातूनच येतात, म्हणून इथे जरा जास्त वेळ घेतो.

लोक कारंजं चालू असताना लाइव्ह बघतात आणि ते बंद झालं की टॅब बंद करून मोकळे होतात, आठवडाभराने कोणीतरी सांगतं की परत चालू झालाय, तर म्हणतात नवीन उद्रेक झाला का? नवीन नाही, तोच आहे. मधल्या शांत दिवसांत खाली काम चालूच असतं. माथ्याच्या खाली साधारण एक ते दोन किलोमीटरवर मॅग्मा, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, साठायची एक जागा आहे, आणि तिच्याही खाली अजून एक मोठी जागा आहे. एपिसोडमध्ये वरची जागा बरीचशी रिकामी होते, मग खालून परत भरत जाते, भरली की दाब वाढतो आणि पुढचा एपिसोड. गावाकडची पाण्याची टाकी डोळ्यासमोर आणा, मोटर चालूच असते, नळ मात्र टाकी भरल्यावरच सुटतो.

हे भरणं-रिकामं होणं आपल्याला दिसतं कशावर? टिल्टमीटरवर. उएकाहुना नावाच्या कड्यावर हे यंत्र बसवलंय, ते जमीन किती कलली ते मोजतं, मायक्रोरेडियनमध्ये. एक मायक्रोरेडियन म्हणजे किती, तर एक किलोमीटर लांब फळी घ्या आणि तिचं एक टोक एक मिलिमीटर उचला, तेवढा कल. इतक्या बारीक हालचालीवरून डोंगराच्या पोटातलं कळतं, मला दर वेळी ग्राफ उघडला की याचं नवल वाटतं.

आता इथे दुसरी चूक होते आणि ती समजण्यासारखी आहे. ग्राफची रेघ चढत असते तेव्हा विवरात काही दिसत नाही, म्हणून वाटतं शांत आहे. आणि रेघ धाडकन खाली येते तेव्हा वाटतं ज्वालामुखी निवतोय. बरोब्बर उलटं आहे! रेघ चढते म्हणजे डोंगर फुगतोय, मॅग्मा भरतोय. रेघ पडते म्हणजे तो मॅग्मा वर निघालाय आणि त्या क्षणी बाहेर कारंजं उडतंय. करवतीच्या दातासारखा ग्राफ दिसतो, हळूहळू चढ आणि एकदम उतार. मागच्या एपिसोडमध्ये जेवढी रेघ खाली आली तेवढी जवळपास भरून आली की समजायचं, पुढचा एपिसोड जवळ आलाय. अगदी तेवढीच भरेल असं नाही, पण अंदाजाला पुरतं, आणि हवाईयन व्होल्कॅनो ऑब्झर्व्हेटरीची माणसंसुद्धा मुख्यतः यावरूनच पुढच्या तारखांचा अंदाज देतात.

हा अंदाज तारखांच्या खिडकीचा असतो, अमुक ते अमुक तारखेच्या मध्ये. लोक पहिली तारीख पकडतात आणि त्या दिवशी काही झालं नाही की "यांना काही कळत नाही" म्हणून मोकळे होतात. ही ऑब्झर्व्हेटरी १९१२ पासून त्याच डोंगरावर डोळा ठेवून आहे हो. मध्येच फुगणं जरा मंदावलं की खिडकी पुढे सरकते, आणि ते रोजच्या अपडेटमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं, फक्त ते वाचायला पाहिजे.

पहिल्या उसळीलाच सगळ्यांना फोन करणं

हे मी स्वतः केलंय. विवरात लाव्हा वर आला, तोंडातून ओसंडून वाहायला लागला, मी घरातल्यांना उठवलं, भावाला फोन केला, आणि सात-आठ मिनिटांत सगळा लाव्हा मोरीतल्या पाण्यासारखा गुडगुड करत परत आत गेला. मग अर्ध्या तासाने परत वर. मग परत आत.

याला गॅस पिस्टनिंग म्हणतात. लाव्हाच्या पृष्ठभागाखाली गॅसचे बुडबुडे अडकतात, गॅस साठत जातो तशी वरची पातळी उचलली जाते, मग तो गॅस एकदम फुटून निघतो, शिंतोडे उडतात, आणि आधार गेल्यामुळे लाव्हा खाली बसतो. दूध उतू जाताना बघा, फेस वर येतो तो दुधामुळे नाही, आतल्या वाफेमुळे, आणि गॅस बारीक केला की खाली बसतो, तसंच. एपिसोडच्या आधी अशा उसळ्या कधी थोड्या, कधी खूपच होतात. ऑब्झर्व्हेटरी एपिसोड सुरू झाला असं म्हणते ते कारंजं टिकून राहिलं की. तेव्हा पहिली उसळी दिसली की टिल्टची रेघ बघा, ती खाली वळून घसरायला लागली की मग खुशाल फोन करा.

वेळेचा घोळ

हवाई आपल्यापेक्षा साडेपंधरा तास मागे आहे आणि तिथे उन्हाळा-हिवाळा घड्याळ बदलत नाहीत, त्यामुळे एकदा लक्षात ठेवलं की झालं. तिथल्या वेळेत साडेतीन तास वाढवा आणि दिवसाची रात्र करा. तिथले सकाळचे ९ म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेबारा, आणि तारीख पुढची. अपडेटमध्ये "आज संध्याकाळी ६" लिहिलं असेल तर ते आपल्याकडे उद्या सकाळी साडेनऊ. पहिल्या महिन्यात मी एक अख्खी रात्र जागून काढली आणि एपिसोड दुसऱ्या दिवशी मी कामावर असताना झाला, फक्त तारखेच्या गोंधळामुळे. एक चांगली गोष्ट म्हणजे तिथली रात्र, जेव्हा लाव्हा सगळ्यात सुंदर दिसतो, ती आपल्याकडे सकाळी साडेदहा-अकरापासून रात्री नऊ-साडेनऊपर्यंत येते. जेवणाच्या सुट्टीत बघता येतं.

कॅमेरा पांढरा झाला, रंग बदलले

स्क्रीन नुसती पांढरी किंवा करडी दिसली तर उद्रेक थांबला असं नाही, कॅमेराही बंद पडला असं नाही, बहुतेक वेळा ढग, पाऊस नाहीतर विवरातला गॅस मध्ये आलेला असतो. दुसऱ्या बाजूचा कॅमेरा उघडा, वेगवेगळ्या बाजूंनी बसवलेत ते याचसाठी.

थर्मल कॅमेऱ्याची गंमत वेगळी. त्यातले रंग कायमचे ठरलेले नसतात, फ्रेममध्ये सगळ्यात गरम आणि सगळ्यात थंड काय आहे त्यावरून स्केल आपोआप बदलते. म्हणजे काल पिवळं दिसलेलं आणि आज पिवळं दिसलेलं एकाच तापमानाचं असेलच असं नाही. दोन दिवसांचे स्क्रीनशॉट शेजारी लावून "बघा किती वाढलं" असं सांगणारे व्हिडिओ मी बघितलेत आणि त्यातल्या कोणीही बाजूच्या आकड्यांकडे बघितलेलं नसतं. आकडे बघा आधी.

आणि हो, जुनी क्लिप नवीन म्हणून फिरते. किलाउएआच्या नावाने एखादी क्लिप आली आणि त्यात लाव्हा घरांमधून, रस्त्यावरून जाताना दिसतोय तर बहुतेक ती २०१८ ची आहे. तेव्हा लाव्हा माथ्यावर नाही तर पूर्वेकडे खाली वस्तीत फुटला होता, ७०० च्या वर घरं गेली, आणि खालून मॅग्मा निघून गेल्यामुळे माथ्याचा तळ शेकडो मीटर खचला. आत्ताचा लाव्हा त्या खचलेल्या खड्ड्यातच पडतोय, तो खड्डा भरतोय. एवढं माहीत असलं तरी खोटी क्लिप पाच सेकंदांत ओळखता येते.

धूर, राख, आणि लाल रंगाची भीती

तो धूर नाही, काही जळत नाहीये. वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि सल्फर डायऑक्साइड असा गॅस आहे. सल्फरवाला गॅस हवेत मिसळून धुरकट थर होतो, त्याला तिथे व्हॉग म्हणतात, दमेकऱ्यांना त्याचा खरा त्रास होतो. कारंज्यातून राखेपेक्षा जास्त पडतात ते फेसाळ हलके खडे आणि काचेचे केस. अक्षरशः केस, सोनेरी, लाव्हाचा थेंब वाऱ्यात ताणला जाऊन झालेले, त्यांना पेलेचे केस म्हणतात आणि हातात टोचतात. वारा फिरला की हे सगळं वस्तीवर येतं, आणि तिथल्या कित्येक घरांत छपरावरचं पावसाचं पाणी टाकीत साठवून वापरतात, म्हणून एपिसोडच्या आधी लोक टाकीकडे जाणारा पाइप काढून ठेवतात. आपण इकडे कारंजं बघून वाहवा करत असतो तेव्हा तिथे कोणीतरी शिडी लावून पाइप काढत असतं, हे मनात असू द्यावं.

अलर्टचे रंग बघताना लक्षात ठेवा की हिरवा-पिवळा-केशरी-लाल हा कोड विमानांसाठी आहे, हवेत राख किती आणि किती उंच यासाठी. जमिनीवरच्या धोक्याची लेव्हल वेगळ्या शब्दांत येते, नॉर्मल, ॲडव्हायझरी, वॉच, वॉर्निंग. लाल दिसला म्हणजे माणसं पळतायत असा अर्थ होत नाही.

सगळे ज्वालामुखी एका वायरने जोडणं

किलाउएआ उडाला की लगेच जपान, इंडोनेशिया, रिंग ऑफ फायर जागी झाली वगैरे सुरू होतं. किलाउएआ त्या रिंगमध्ये नाहीच! रिंग पॅसिफिकच्या कडांना आहे, जिथे पृथ्वीच्या कवचाची एक प्लेट दुसरीखाली जाते. हवाई प्लेटच्या ऐन मधोमध आहे, खालून मँटलमधला, म्हणजे कवचाखालच्या जाड थरातला, गरम खडक वर येतो (अशा जागेला हॉटस्पॉट म्हणतात), वर येताना त्याच्यावरचा दाब कमी होतो आणि त्यामुळे तो थोडासा वितळतो. पृथ्वीच्या गाभ्यातला रस वर आला वगैरे काही नाही. वरून प्लेट वायव्येकडे वर्षाला काही सेंटिमीटर सरकते, म्हणून बेटांची रांग तयार झालीये, सगळ्यात नवीन बेट आग्नेयेला. शेजारचा मौना लोआ २०२२ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये उडाला, तोसुद्धा स्वतःच्या हिशोबाने.

आपलं नातं आहे ते दुसऱ्या हॉटस्पॉटशी. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा आला तेव्हा भारत आजच्या रियुनियन बेटाखालच्या हॉटस्पॉटवरून जात होता असं बहुतेक जिऑलॉजिस्ट मानतात, आणि त्या बेटावरचा पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी आजही उडतो. पण म्हणून सह्याद्रीतला प्रत्येक किल्ला म्हणजे विझलेला ज्वालामुखी नाही. दख्खनचा लाव्हा भेगांमधून आला आणि थरावर थर पसरत गेला, किल्ल्यांचे आकार नंतर पाण्याने कोरलेत. आणि लोणारचं सरोवर ज्वालामुखीचं तोंड नाही, बेसाल्टवर, म्हणजे दख्खनच्या लाव्हाच्या काळ्या दगडावर, उल्का आदळून झालेला तो खड्डा आहे, हे मला अजून दर दोन महिन्यांनी कोणाला तरी सांगावं लागतं.

पावसाळ्यानंतर घाटातून जाताना कटिंगकडे बघा. काळ्या दगडाच्या दोन थरांच्या मध्ये कुठेकुठे विटेच्या रंगाचा एक पट्टा दिसतो, हातभर, कधी त्याहून जाड. खालचा लाव्हा येऊन थांबला, त्याचा वरचा भाग किंवा त्यावर पडलेली राख ऊन-पावसात कुजून माती झाली, आणि मग पुढचा लाव्हा येऊन त्याने ती माती भाजून लाल केली. वरचा थर एक एपिसोड, खालचा थर एक एपिसोड, आणि तो लाल पट्टा म्हणजे मधला गप्प बसलेला काळ. किलाउएआवर तो काळ काही दिवसांचा असतो, इथे माती तयार होण्याइतका लांबला होता.