तेरा वसाहतींचे स्वातंत्र्य अभ्यासवर्गात कसे शिकवावे

कोल्हापुरातील महाविद्यालयांत आणि स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत अमेरिकन क्रांती बहुधा एका दमात उरकली जाते: चहाच्या पेट्या समुद्रात पडल्या, जाहीरनामा निघाला, वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष झाले. या मांडणीत १७७६ चा जाहीरनामा आणि १७८९ चा शपथविधी यांच्यामधली तेरा वर्षे गळून पडतात, आणि माझ्या मते विषयाचे मर्म त्याच वर्षांत आहे. म्हणून साम्राज्याची सत्ता झुगारणे आणि स्वतःचे शासन उभारणे हे दोन प्रश्न पहिल्या तासापासूनच वेगळे ठेवावेत.

सुरुवात चहाऐवजी मुद्रांकापासून करावी. सप्तवार्षिक युद्ध १७६३ मध्ये संपले तेव्हा ब्रिटन कर्जात बुडालेले होते. अमेरिकेत ठेवलेल्या फौजेच्या खर्चाचा काही भाग वसाहतींकडून वसूल करावा, म्हणून पार्लमेंटने १७६५ मध्ये स्टॅम्प अ‍ॅक्ट केला आणि दस्तऐवज, वृत्तपत्रे, इतकेच नव्हे तर खेळायच्या पत्त्यांवरही मुद्रांक सक्तीचा झाला. वडिलांबरोबर खरेदीखताच्या नोंदणीला गेलेल्या मुलांना हा कर चटकन कळतो. ज्या सभागृहात आपला एकही प्रतिनिधी नाही त्याने तो लावावा का, हा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवावा आणि उत्तरासाठी घाई करू नये. त्यानंतर सांगावे की, १७७३ च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीचा चहा उलट स्वस्त होणार होता, पण त्यावरील जकात कायम होती, आणि बॉस्टनच्या बंदरात ३४२ पेट्या पाण्यात गेल्या.

लढायांवर फार वेळ घालवू नये. साराटोगाचा विजय (१७७७), फ्रान्सशी मैत्रीचा करार (१७७८), यॉर्कटाउनची शरणागती (१७८१) आणि पॅरिसचा तह (१७८३) एवढे टप्पे पुरेत. याच काळात मराठे इंग्रजांशी पहिले युद्ध लढत होते आणि १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला, हे मात्र फळ्यावर शेजारच्या रकान्यात लिहावे.

आता तास थांबवून तेरा विद्यार्थ्यांना तेरा राज्ये नेमून द्यावीत आणि १७८१ मध्ये अमलात आलेल्या संघराज्याच्या कलमांचे (आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन, म्हणजे घटनेआधीचा राज्यांमधला करार) नियम त्यांना लागू करावेत: प्रत्येक राज्याला एक मत, काँग्रेसला, म्हणजे राज्यांच्या प्रतिनिधींच्या मध्यवर्ती सभेला, कर लावण्याचा अधिकार नाही, आणि कलमांत बदल करायचा तर तेराही राज्यांची संमती हवी. मग आयात मालावर पाच टक्के जकातीचा प्रस्ताव मांडावा आणि ऱ्होड आयलंड झालेल्या विद्यार्थ्याला नकार द्यायला सांगावे. १७८२ मध्ये प्रत्यक्षात हेच घडले. एका सभासदाच्या नकाराने पोटनियम अडकून पडणारी सहकारी संस्था चालेल का, असे विचारले की साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यातील मुले स्वतःच घटनेची गरज मांडू लागतात. सैनिकांचे थकलेले पगार आणि मॅसॅच्युसेट्समधील कर्जबाजारी शेतकऱ्यांचा १७८६ चा उठाव हे पुरावे त्यांच्या हाती नंतर द्यावेत.

१७८७ च्या फिलाडेल्फिया परिषदेला एक पूर्ण तास द्यावा. मे ते सप्टेंबर बंद दाराआड चाललेल्या या परिषदेत ५५ प्रतिनिधी आले आणि ३९ जणांनी सह्या केल्या. लहान राज्यांना सिनेटमध्ये समान जागा आणि मोठ्या राज्यांना प्रतिनिधिगृहात लोकसंख्येप्रमाणे जागा, ही तडजोड येथेच झाली. त्याच दालनात गुलामांची गणना तीन पंचमांश धरली गेली. हा भाग कोणत्याही कारणाने वगळू नये, कारण स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढणाऱ्या देशाने लाखो माणसांना त्याबाहेर ठेवले. घटना लागू होण्यास नऊ राज्यांची मान्यता पुरेशी ठरवली होती, म्हणजे सर्वसंमतीचा जुना नियमच बाजूला सारला गेला, हेही दाखवून द्यावे. हक्कांची सनद १७९१ मध्ये जोडली गेली.

गृहपाठ म्हणून कोल्हापूरशी तुलना लिहून आणायला सांगावी. येथे वसाहत नव्हती, संस्थान होते. ते १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले, तेव्हा दिल्लीत संविधान सभेचे काम चालू होते आणि पुढे संविधानावर सही करणाऱ्यांत या भागातील रत्नाप्पा कुंभार होते. विलीनीकरणाने कोणते अधिकार कोल्हापुरातून मुंबईकडे व दिल्लीकडे गेले आणि ऱ्होड आयलंडने कोणते अधिकार स्वतःकडे राखू पाहिले, याचे दोन रकाने प्रत्येकाने वहीत मांडावेत.