पडलेला जार आधी नीट बघा, मगच पुरा

इंदूरच्या आसपास, सांवेर-देपालपूरकडे किंवा महूला, आपल्या मंडळींपैकी ज्यांच्या दारी गाई-म्हशी आहेत त्यांना हे कळकळीने सांगतोय. गाय व्याली की सगळे वासराभोवती जमतात. जाराकडे, म्हणजे वासरामागून बाहेर पडणाऱ्या वारेकडे, कोणी बघत नाही.

निरोगी जार साधारण 12 तासांत पडतो आणि त्यावरच्या गोल गाठी गडद लाल, ओलसर दिसतात. त्या गाठी पिवळट-करड्या, कुजल्यासारख्या असतील, मधला पडदा जाड आणि चामड्यासारखा झाला असेल, तर ब्रुसेलोसिसची, म्हणजे जनावरं गाभडवणाऱ्या जिवाणूंच्या संसर्गाची, शंका घ्या. पाचव्या महिन्यानंतर गाय गाभडली (गर्भपात झाला) असेल तर जास्तच. बुरशीमुळेही जार असाच जाड होतो, म्हणून नुसत्या डोळ्यांवर निदान करू नका. हातमोजे घालून तुकडा स्वच्छ डब्यात ठेवा, डबा बर्फावर ठेवा (गोठवू मात्र नका) आणि पशुवैद्यकाला द्या. महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, नाहीतर 1962 या पशुवैद्यकीय हेल्पलाइनवर फोन करा.

अडकलेला जार ओढू नका, त्याला वीट बांधू नका. गर्भाशय फाटू शकतं, रक्तस्राव होऊ शकतो, गाय पुढे गाभण राहणं अवघड होतं. ताप आला, वैरण सोडली तर त्याच दिवशी डॉक्टर बोलवा.

ब्रुसेलोसिस माणसालाही होतो. गरोदर बाईला त्या गोठ्यात जाऊ देऊ नका, दूध उकळूनच घ्या. उरलेला जार चुना टाकून खोल पुरा, कुत्र्यांनी ओढून नेता कामा नये. कालवडींना 4 ते 8 महिन्यांच्या वयात ब्रुसेलोसिसची लस एकदाच द्यावी लागते.