टर्कीची शिकार: आठ वाजताच गाडीकडे वळू नका

अमेरिकेत वसंतातली रानटर्की या पक्ष्याची शिकार म्हणजे पहाटेचं काम, असं बहुतेक जण धरून चालतात. रात्री झाडावर बसलेला नर पहाटे उतरून समोर आला नाही की आठच्या सुमारास सामान आवरतात. थांबा. पहाटे नराभोवती माद्या असतात. त्यांना सोडून तो तुम्ही काढलेल्या मादीच्या नकली हाकेमागे कशाला येईल? हंगाम पुढे सरकला की माद्या सकाळी उशिरा घरट्याकडे निघून जातात. एकटा पडलेला नर मग ओ देतो, आणि पहाटे दाद न देणारा हाच पक्षी कधी कधी थेट चालत येतो. न्यूयॉर्क राज्यात मे महिन्याच्या हंगामात दुपारी बारापर्यंतच परवानगी असते, म्हणजे हे उरलेले तास वाया घालवण्यासारखे नाहीतच.

खांद्यांपेक्षा रुंद बुंध्याला पाठ टेकून बसा. मागून दुसरा शिकारी आला तर तेवढाच आडोसा. दोन-चार हाका द्या आणि गप्प राहा. नर अनेकदा आवाज न करताच येतो, म्हणून बंदूक आधीपासून गुडघ्यावर हवी. वासाचं त्याला फारसं कळत नाही, पण हललेलं बोट लगेच दिसतं.

लाल, पांढरा, निळा रंग अंगावर नको, अगदी मोजेसुद्धा नकोत. नराचं डोकं याच रंगांचं असतं, दुसरा शिकारी तुम्हालाच नर समजेल. कोणी माणूस दिसला तर हात हलवू नका, मोठ्याने बोला. आणि छातीवर लोंबणारी दाढी, म्हणजे केसांसारख्या पिसांचा झुबका, स्पष्ट दिसल्याशिवाय चाप ओढू नका: न्यूयॉर्कमध्ये वसंतात फक्त दाढीवाला पक्षीच मारता येतो.