ट्रेल रनिंगची तयारी: रस्त्यावरून डोंगरात येताना या चुका टाळा

रस्त्यावर दोन तासांत हाफ मॅरेथॉन, म्हणजे एकवीस किलोमीटर, पूर्ण करणारा गडी सह्याद्रीतल्या २५ किलोमीटरच्या ट्रेल शर्यतीला, म्हणजे डोंगरातल्या पायवाटांवरच्या शर्यतीला, नाव नोंदवतो आणि लगेच हिशोब मांडतो. एकवीसला दोन तास, तर पंचवीसला अडीच, डोंगर आहे म्हणून तीन धरू. पुढचा बहुतेक गोंधळ याच हिशोबातून निघतो. पाणी तीन तासांचं, खाऊ तीन तासांचा, मनाची तयारीही तीनच तासांची. पाचव्या तासाला भर उन्हात, रिकामी बाटली हातात धरून पुढची टेकडी बघताना चांगला तंदुरुस्त माणूस खचतो आणि ट्रेल आपल्याला जमणार नाही असं ठरवून डांबरी रस्त्यावर परत जातो. मला याचं फार वाईट वाटतं, कारण बहुतेकदा त्याचा दम कमी पडलेला नसतो. तयारीचं माप चुकलेलं असतं.

किलोमीटर मोजून सराव करणं

१८९२ मध्ये विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने डोंगरात चालणाऱ्यांसाठी एक ठोकताळा दिला. दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. आतकरवाडीतून सिंहगडावर जाणारी पायवाट जेमतेम पावणेतीन किलोमीटरची, पण चढाई सुमारे ६०० मीटर. ठोकताळ्याने चालत दीड तास होतो, आणि नव्या माणसाला खरंच तेवढा लागतो. सरावाचा माणूस तासाभरात चढतो, चांगले पळणारे त्याहून लवकर. एवढंच अंतर सपाटीवर तुम्ही गप्पा मारत सोळा-सतरा मिनिटांत पळाल.

म्हणून सरावाच्या वहीत किलोमीटरच्या शेजारी दोन रकाने वाढवा. पायांवर किती वेळ होतो, आणि आठवड्यात एकूण किती मीटर चढलो-उतरलो. शर्यतीत १२०० मीटर चढाई असेल, तर शर्यतीआधीच्या दोन महिन्यांत आठवड्याची चढाई हळूहळू त्या आकड्याच्या आसपास न्या. पुण्यात वेताळ टेकडीच्या किंवा पर्वती-तळजाईच्या फेऱ्या मारून ती भरते. मुंबईकरांना येऊर आहे, खारघरच्या टेकड्या आहेत. एकच चढ सहा-आठ वेळा चढण्यात कमीपणा काही नाही.

वर पळत, खाली गाडीने

तयारीतली सगळ्यात महागात पडणारी चूक ही, आणि तिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. गड धापा टाकत चढायचा, वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खायचं, आणि कुणाच्या तरी गाडीवर बसून खाली यायचं. मुंबईत याचीच दुसरी आवृत्ती असते. इमारतीचे वीस मजले जिन्याने चढायचे आणि लिफ्टने उतरायचं. छाती तयार होते, मांड्या तशाच राहतात.

चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना शरीराचं वजन झेलत असतो, दर पावलाला ब्रेक लावल्यासारखा. अशा कामात स्नायूतंतूंना बारीक इजा होते. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठड्याला धरावं लागतं ते यामुळेच, आणि हे दुखणं साधारण २४ ते ७२ तासांत सगळ्यात जास्त असतं. शर्यतीत मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायची गरज पडत नाही. पहिला मोठा उतार संपेपर्यंत मांड्या थरथरायला लागतात, आणि मग पुढचा सपाट भाग, जो सहज पळता आला असता, तोही फरफटत काढावा लागतो.

चांगली गोष्ट अशी की स्नायू हे लवकर शिकतात. एकदा बऱ्यापैकी उतार पळून दुखणं सोसलं की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराने तितकी इजा होत नाही. त्यामुळे आठवड्यातून एकदा उताराचाच सराव ठेवा, थोड्यापासून सुरू करा, आणि शेवटचा मोठा उतार शर्यतीआधी दोन-तीन आठवड्यांवर घ्या. त्यानंतर नको, दुखऱ्या मांड्या घेऊन सुरुवातीच्या रेषेवर उभं राहण्यात अर्थ नाही. घरी करण्यासारखा एक व्यायाम फार कामाचा आहे. पायरीवर एका पायावर उभं राहा, दुसरी टाच तीन अंक मोजत सावकाश खालच्या पायरीला टेकवा आणि परत वर या. गुडघा आत झुकू द्यायचा नाही. दोन्ही पायांनी दहा-दहा. सोबत एका पायावर डोळे मिटून उभं राहणं. घोट्याला अंदाज येतो तो यातून.

आता मनाचा भाग. उतारावर भीती वाटली की शरीर आपोआप मागे रेलतं. मागे रेललं की टाच आधी पडते, पाय लांब पडतो, आणि घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या मुरमाच्या उतारावर, नेमका तोच पाय सटकतो. म्हणजे पडू नये म्हणून केलेल्या हालचालीनेच माणूस पडतो. नुसतं ‘घाबरू नको’ म्हणून हे सुटत नाही. शंभरेक मीटरचा, मुरमाड पण सुरक्षित उताराचा एक तुकडा निवडा. पहिल्यांदा चालत उतरा, मग भरभर, मग पळत. पावलं छोटी आणि जलद, गुडघे किंचित वाकलेले, छाती उताराच्या बाजूला, हात मोकळे. नजर बुटांवर नको, तीन-चार मीटर पुढे. डोळ्यांनी आधी पाहिलेल्या दगडावर पाय नंतर पोचतो. तोच तुकडा पुन्हा पुन्हा केला की दोन-तीन आठवड्यांत खांदे सैल पडलेले तुम्हाला स्वतःलाच जाणवतील.

चालायला लाजणं

खड्या चढावर पळण्याचा हट्ट धरणारा आणि हात गुडघ्यांवर टेकून झपझप चालणारा, दोघांचा वेग जवळजवळ सारखाच असतो. ठोके मात्र पहिल्याचे फार वाढलेले असतात. जगातले मोठमोठे अल्ट्रा धावपटू, म्हणजे मॅरेथॉनहून लांब शर्यती पळणारे, खडा चढ चालतच काढतात. बोलता बोलता धाप लागून वाक्य तुटायला लागलं की चाला, हा नियम सरावातच अंगी बाणवा, म्हणजे शर्यतीत कुणी पुढे गेलं तरी मन चलबिचल होणार नाही.

मन खचण्याचं दुसरं कारण म्हणजे सगळी शर्यत एकदम डोक्यात घेणं. कात्रज ते सिंहगड या वाटेवर एक टेकडी संपली की पुढची उभी दिसते, आणि गडावरचा मनोरा कितीतरी वेळ तेवढाच लांब वाटत राहतो. तिथे ‘अजून किती’ विचारण्यापेक्षा पुढची खिंड, पुढचं झाड, पुढचं पाण्याचं ठिकाण एवढंच बघायचं. आणि एकदम सगळं नकोसं वाटायला लागलं तर आधी खा. अचानक आलेली निराशा बऱ्याचदा रक्तातली साखर उतरल्याची असते. चिक्की किंवा केळं खाऊन, पाणी पिऊन पंधरा-वीस मिनिटं सावकाश चालावं, सोडायचं की नाही ते त्यानंतर ठरवावं.

पण दमणं आणि धोका यांत गल्लत नको. चक्कर, सारखी उलटी, बोलण्यात गोंधळ, उन्हात अंगावर काटा येणं, यांपैकी काही दिसलं की थांबायचं. हे आधीच, घरी बसून, शांत डोक्याने ठरवून ठेवा. किती वाजता असू तिथून परत फिरायचं तेही.

बूट, मोजे आणि कुसळं

रस्त्याच्या बुटांचा तळ गुळगुळीत आणि मऊ असतो. मुरूम आणि मातीवर तो धरत नाही, टोकदार दगड तळव्याला लागतो. ट्रेलच्या बुटाला तळाला चार-पाच मिलीमीटरचे दाते हवेत आणि पुढे बोटांना कडक संरक्षण. माप संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. सगळ्यात लांब बोटाच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहायला हवी, नाहीतर लांब उतारावर बोटं पुढे आदळून नखं काळी पडतात. वरच्या शेवटच्या भोकातून नाडी ओवून टाच आवळली की पाय पुढे सरकत नाही. एक गोष्ट मात्र कोणताच बूट करू शकत नाही. पावसाळ्यात शेवाळलेल्या ओल्या कातळावर सगळेच घसरतात. तिथे हात टेकून, बसून उतरलात तरी चालेल.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पठारावरचं गवत वाळतं आणि कुसळं मोज्यांत घुसतात. सुरुवातीला नुसती टोचणी असते, म्हणून लोक दुर्लक्ष करतात. तासाभरात कुसळ मोज्याच्या विणीतून आत सरकत जातं आणि घोट्याभोवतीची कातडी सोलवटते. आखूड मोजे त्या दिवसांत वापरूच नका. पोटरीपर्यंतचे घट्ट विणीचे मोजे किंवा बुटावरून घालायचे गेटर वापरा. आणि याच वाळलेल्या, आडव्या झालेल्या गवताखाली सुटे दगड लपलेले असतात. वरून मऊ दिसणारा उतार म्हणूनच जपून उतरावा.

नवे बूट, नवी बॅग, नवा खाऊ, यांतलं काहीही शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा नको. बॅगेत पाणी भरून पळून बघा. रिकामी बॅग छान बसते आणि दीड लिटर भरलं की खांद्याखाली घासायला लागते. काखेत, मांडीच्या आत, टाचेला व्हॅसलिन आधीच लावा.

‘आपल्याकडे कुठे थंडी’ म्हणून जाकीट न घेणं

२२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत अचानक हवा फिरली. गारा, थंडगार पाऊस, सोसाट्याचा वारा. २१ धावपटू दगावले, त्यांत चीनमधले नामांकित अल्ट्रा धावपटूही होते. बहुतेकांच्या अंगावर पातळ कपडे होते आणि वारा अडवणारं जाकीट आयोजकांच्या सक्तीच्या यादीत नव्हतं. एका मेंढपाळाने सहा जणांना गुहेत नेऊन शेकोटीपाशी ऊब दिली, म्हणून ते वाचले.

सह्याद्री तेवढा उंच किंवा थंड नाही. पण जुलै-ऑगस्टमध्ये राजगड-तोरण्याच्या सोंडेवर धुक्यात, भिजलेल्या टीशर्टवर वारा खात पाय मुरगळून बसलेल्या माणसाला अर्ध्या तासात हुडहुडी भरते. पळताना शरीर ऊब तयार करत असतं, थांबलं की ती संपते. जाकीट असतं ते या थांबण्यासाठी. मुठीत मावणारं, दीड-दोनशे ग्रॅमचं जाकीट, चंदेरी बचाव-चादर आणि एक शिट्टी. धुक्यात हाका विरून जातात, शिट्टी ऐकू जाते.

हेडलॅम्प, म्हणजे डोक्याला बांधायचा दिवा, हाही असाच. डिसेंबरात पुण्याच्या बाजूला सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि दरीत त्याआधीच अंधारतं. दुपारी संपेल असं वाटणारी धाव लांबली तर मोबाईलचा टॉर्च एका हातात धरून घसारा उतरता येत नाही.

नुसतं पाणी पिणं

घामातून मीठही जातं. चार-पाच तास नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. मळमळ, डोकेदुखी, बोटांना सूज येते, आणि माणूस ते पाणी कमी पडल्याचं लक्षण समजून आणखी पाणी पितो. तहान लागेल तसं प्या, एका बाटलीत ओआरएस ठेवा, ते पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणातच कालवा. खाणं तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं या हिशोबाने, दर अर्ध्या तासाला थोडं. राजगिऱ्याची चिक्की, खजूर, केळं, मीठ लावलेला उकडलेला बटाटा, हे सगळं चालतं. उन्हाची सवय व्हायला दहा-बारा दिवस लागतात, त्यामुळे ऑक्टोबरच्या शर्यतीसाठी फक्त पहाटे पळून भागत नाही. गडावरच्या टाक्यांच्या भरवशावर फेब्रुवारीनंतर जाऊ नका. बरीच आटतात.

वेदनाशामक गोळी घेऊन पळणं तर पूर्ण बंद करा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणि अंगातलं कमी झालेलं पाणी हे एकत्र आलं की मूत्रपिंडावर भार पडतो.

वाट चुकली, पाय मुरगळला, तर

पावसाळ्यानंतर कारवी आणि गवतातून गुरांनी पाडलेल्या ढोरवाटा पायवाटेइतक्याच ठसठशीत दिसतात, आणि मध्येच झाडीत विरून जातात. शर्यतीत वाट दाखवणारी फीत बराच वेळ दिसली नाही तर शेवटच्या फितीपर्यंत परत या. पुढे सापडेल म्हणून दरीत उतरू नका. सरावाला जाताना नकाशा फोनमध्ये आधी उतरवून ठेवा आणि पायथ्याच्या वाडीत कुठे चाललोय ते सांगून जा.

मुरगळलेल्या पायावर चार पावलं टाकता येत असतील तर बूट न काढता, नाडी आवळून, सावकाश जवळच्या वस्तीकडे उतरा. बूट काढला तर सूज चढते आणि तो परत जात नाही. चार पावलंही टाकता येत नसतील तर हाड तुटलेलं असू शकतं. तिथेच बसा, जाकीट घाला, मदत मागवा. पोटरीत गोळा आला तर थांबून पाय हलके ताणा, झटके देऊ नका. टाचेला फोड येतोय असं वाटताच टेप लावा, आलेल्या फोडाची कातडी सोलू नका.

फुरसं किंवा घोणस चावली तर चिरा मारणं, चोखणं, दोरी करकचून बांधणं यातलं काहीही करू नका. अंगठी, घड्याळ काढा, तो हात किंवा पाय हलू न देता माणसाला उचलून न्या, प्रतिसर्पविष असलेल्या रुग्णालयात. १०८ ला फोन करताना गाडी कुठल्या वाडीपर्यंत येते हे सांगावं लागतं, म्हणून ते निघण्याआधीच विचारून ठेवा. वाटेवर रेंज कुठे मिळते तेही.