किल्ल्या फ्रीजमध्ये

वय 68. गॅसवर दूध ठेवून बाल्कनीत गेले, ती करपल्याच्या वासानंच परत आले. किल्ल्या तर एकदा फ्रीजमध्ये, कोथिंबिरीच्या डब्यामागे सापडल्या. हा विसराळूपणा म्हणजे वयाचंच दुखणं म्हणून सोडून देणार होते, पण डॉक्टरांनी आधी बी-12 आणि थायरॉइड तपासायला लावलं. बी-12 फारच कमी! आम्ही पक्के शाकाहारी, त्यात माझी मधुमेहाची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू; तिनंही हे जीवनसत्त्व कमी होतं म्हणे. इंजेक्शनं घेतल्यावर दोन-तीन महिन्यांत बराच फरक पडला. (तोवर मी भिजवलेले बदाम खात बसले होते.) किल्ल्यांसाठी आता दाराशी खिळा ठोकलाय. आणि स्मरणशक्तीला व्यायाम म्हणून पोळ्या लाटताना दिडकी, म्हणजे दीडचा पाढा, म्हणते: सात दिडके साडेदहा, नऊ दिडके साडेतेरा. सतराला अजून अडखळते, तेव्हा नात कॅल्क्युलेटर घेऊन उभीच असते.