गुडघा दुसऱ्यांदा बदलण्याआधी जंतुसंसर्ग तपासा

बसवलेला कृत्रिम सांधा सैल झाला म्हणून थेट नवा बसवू नका. आधी ईएसआर, सीआरपी (शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्तचाचण्या) आणि सांध्यातल्या पाण्याची तपासणी करून घ्या. पाणी काढण्याआधी शक्य असल्यास किमान 2 आठवडे अँटिबायोटिक बंद हवे, नाहीतर जंतू असूनही कल्चर (पाण्यातले जंतू वाढवून पाहण्याची चाचणी) कोरे येते. हळू वाढणाऱ्या जंतूंसाठी कल्चर 14 दिवस ठेवायला सांगा. डॉक्टरांना न विचारता गोळ्या मात्र थांबवू नका.

सांध्याचा भाग कोबाल्ट-क्रोम धातूचा असो, टायटॅनियमचा असो की पॉलिएथिलीन प्लास्टिकचा, जंतू पृष्ठभागावर चिकट थर धरतात आणि औषध आत पोचत नाही. म्हणूनच जुना संसर्ग नुसत्या धुण्याने सहसा जात नाही. सांध्याचे सगळे भाग व ते हाडाला धरून ठेवणारे सिमेंट काढावे लागते. मग अनेकदा व्हँकोमायसिन किंवा जेंटामायसिन ही अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता स्पेसर (सांध्याची जागा धरून ठेवणारा तुकडा) बसवतात. कोबाल्ट-क्रोममध्ये थोडे निकेल असू शकते, म्हणून त्याची ॲलर्जी असल्यास आधीच सांगा.